सेल्फचा आवाज ओळखा

जुन्या जीपचा किंवा ट्रॅक्सचा सेल्फ नीट लागत नसला की चालक एक युक्ती करतो. गाडी उभी करायची ती उतार बघूनच. माहूरला उताराला काय तोटा! रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूया शिखर, जिकडे जावे तिकडे चढण. मग निघताना गाडी उतारावर सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये झटकन क्लच सोडायचा, की इंजिन चालू. असा कारभार महिनोन्महिने चालतो. पण ज्या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते, तिचे इंजिन बंद असताना दोन-तीनदा पेडल दाबले की ती मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. मागे भाविक बसलेले, पुढे घाटाचे वळण, आणि इंजिनाने साथ दिली नाही, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून सेल्फचे दुखणे अंगावर काढू नये. ते ओळखणे फारसे अवघडही नाही. बहुतेक वेळा सेल्फ आवाजातूनच आपले दुखणे सांगतो.

आधी सेल्फ करतो काय ते पाहू. पूर्वी इंजिनाला पुढून हँडल मारावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसला. हँडलचा त्रास तिथून कमी होऊ लागला. चावी फिरवली की दोन कामे पाठोपाठ होतात. सोलेनॉइड नावाचे विद्युतचुंबक आतला दांडा ओढते. त्या दांड्याच्या जोरावर एक लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते. दांडा पूर्ण आत गेला की तांब्याचे जाड संपर्क जुळतात आणि मोटर जोरात फिरते. फार जुन्या पेट्रोल जीपमध्ये पिनियन स्वतःच्या फिरण्याच्या झटक्याने पुढे जात असे. त्या रचनेला बेंडिक्स म्हणत. आपले मिस्त्री आज सगळ्याच पिनियनना बेंडिक्स म्हणतात, म्हणोत बापडे.

डिझेल इंजिन फिरवायला क्षणभर दोनशे-तीनशे अँपिअर वीज लागते. घरचा छताचा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही, यावरून अंदाज करा. एवढा प्रवाह वाहायचा तर वाटेत जराही गंज चालत नाही.

आता आवाज. चावी फिरवताच ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरीकडे बघा. सोलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात. दांडा ओढणारे जोरकस वेटोळे संपर्क जुळताच बाजूला पडते आणि दांडा धरून ठेवायचे काम दुसऱ्या, नाजूक वेटोळ्यावर येते. बॅटरी अशक्त असली की मोटरने प्रवाह ओढताच दाब कोसळतो आणि दांडा सुटतो. सुटला की दाब परत वर येतो, दांडा पुन्हा ओढला जातो. असे सेकंदात अनेकदा घडते. या आवाजावर सेल्फ उतरवून दुकानात नेणे म्हणजे दुखणे गुडघ्याला आणि मलम शेंडीला.

एकदाच ‘कट्’ आवाज येऊन पुढे शांतता असेल, तर हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवा. दिवे फार मंद झाले तर बॅटरी, टर्मिनल नाहीतर जाम झालेले इंजिन. दिवे तसेच लख्ख राहिले तर प्रवाह मोटरपर्यंत पोचतच नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळले असतील किंवा मोटरचे कार्बन झिजले असतील. सेल्फच्या अंगावर पान्याने हळूच ठोकल्यावर तो चालला, तर संशय कार्बनवर घ्यावा.

जुन्या गाड्यांत सर्वांत जास्त फसवते ती अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरावर बसलेले असते, त्यामुळे चासीला जोडणारी ही पट्टी तुटली किंवा गंजली की वीज परतीची दुसरी वाट शोधते. सेल्फ मारताना ऍक्सिलरेटरची केबल गरम लागली तर चोर सापडलाच म्हणून समजा. खात्रीसाठी बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला एक जाड जंपर केबल जोडून पाहा. सेल्फ खणखणीत फिरला तर खर्च पट्टीपुरताच.

मोटर ‘सूंऽऽ’ करत रिकामी फिरते आणि इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा मात्र दोष खरोखर पिनियनच्या बाजूला असतो. चावी बंद करून गाडी गिअरमध्ये घाला आणि हातभर ढकला. मग न्यूट्रलला आणून पुन्हा सेल्फ मारा. आता पकडला तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते एका जागी गेले आहेत. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना साधारण समोरासमोरच्या दोनच जागी थांबते, म्हणून झीजही तिथेच होते. जाणता मिस्त्री रिंग तापवून काढतो आणि पाव फेरा फिरवून बसवतो, की चांगले दाते कामाला येतात. कुठेच पकडत नसेल तर पिनियनचा एकेरी क्लच घसरतो आहे, किंवा धूळ आणि जुने ग्रीस साचून पिनियन पुढेच सरकत नाही. तिथे भरमसाट ग्रीस थापू नये. क्लचची भुकटी त्यालाच चिकटते. ‘खर्रर्र’ असा दाते घासल्याचा आवाज आला तर आधी सेल्फचे बोल्ट ढिले आहेत का ते पाहा.

स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडची टोके जोडून सेल्फ फिरवायची सवय वाईट. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती पुढे उसळते, आणि माणूस तिच्या पुढ्यात किंवा खाली असतो.

आणखी एक आवाज असतो, इंजिन चालू झाल्यावरही न थांबणारा. पिनियन अडकून राहिले आहे. फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे दहा-पंधरा फेरे होतात. एकेरी क्लच मोटरला थोडा वेळ वाचवतो, पण फार वेळ नाही. चावी लगेच बंद करा. तरीही सेल्फ फिरतच असेल तर संपर्क चिकटले आहेत, आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवण्यावाचून उपाय नाही. त्या नटाला बसणारा पाना सीटखाली हाताशी ठेवावा.