पोल्लाचीचे मंत्री, नगरचे उपमंत्री

घोडेगावच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव होतो तेव्हा भावाची दोरी दिल्लीत असते, हे नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यात बंद राहिली, तो अनुभव ताजा आहे. शेतमालाच्या भावाचा विचार करणारी दिल्लीतली यंत्रणा उभी राहिली १९६५ साली, सी. सुब्रह्मण्यम या तमिळ अन्न व कृषिमंत्र्याच्या कारकिर्दीत. त्याच खात्यात उपमंत्री होते आपल्या नगर जिल्ह्यातून, कोपरगाव मतदारसंघातून, निवडून गेलेले अण्णासाहेब शिंदे. हरितक्रांतीचं श्रेय शास्त्रज्ञांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण सुब्रह्मण्यम यांना दिल्लीत जे साधलं त्याची तयारी मद्रास राज्याच्या कारभारात झाली होती, असं माझं मत आहे.

कोइंबतूर जिल्ह्यात पोल्लाचीजवळ १९१० साली जन्मलेले सुब्रह्मण्यम १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं मद्रासचे मंत्री होते. अर्थखातं त्यांच्याकडे होतं आणि पुढे शिक्षणखातंही आलं. या दहा वर्षांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी मुख्यमंत्री राजाजींची योजना होती. ही जातीच्या धंद्याला मुलं जुंपण्याची युक्ती आहे, असं म्हणत लोक खवळले. विधानसभेत या योजनेची बाजू सुब्रह्मण्यम यांनी मांडली होती. १९५४ मध्ये राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेले, नेतेपदाच्या निवडणुकीत कामराजांनी सुब्रह्मण्यम यांना हरवलं आणि तरीही आपल्या मंत्रिमंडळात घेतलं. मग तीच योजना मागे घेतल्याची घोषणा शिक्षणमंत्री म्हणून त्यांनाच करावी लागली. पुढे त्याच सरकारने शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं आणि पटावरची मुलं वाढली. वरून लादलेली योजना का कोसळते आणि लोकांच्या गरजेला धरून आखलेली का टिकते, हे इतक्या थोड्या काळात पाहायला मिळालेला मंत्री विरळाच.

१९६४ मध्ये पंतप्रधान शास्त्रीजींनी त्यांच्याकडे अन्न आणि शेती दिली तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. शेतकऱ्याने जास्त पिकवावं असं वाटत असेल तर त्याला परवडणारा भाव दिला पाहिजे, ही भूमिका त्यांनी घेतली. जानेवारी १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले. नव्या बियाण्याची प्रात्यक्षिकं सरकारी फार्मवर न ठेवता शेतकऱ्यांच्या रानात घेतली गेली. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आलं. स्वतःच्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवरही त्यांनी गहू पेरला. आधी माणसाला पटू द्यावं, मग मागावं, हा मद्रासचा धडा मला यात दिसतो. प्रांताशी नाळही तुटली नव्हती. फेब्रुवारी १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलनाने मद्रास पेटलं तेव्हा त्यांनी आणि ओ. व्ही. अळगेसन यांनी केंद्रातल्या मंत्रिपदाचे राजीनामे दिले. इंग्रजीबद्दलचं आश्वासन पक्कं झाल्यावरच ते मागे घेतले गेले.

यावर कुणी म्हणेल की शास्त्रीजींचा पाठिंबा, स्वामीनाथन आणि बोरलॉग या शास्त्रज्ञांचं संशोधन, शिवाय १९६५-६६चा दुष्काळ हे सगळं असताना त्या जागी कुणीही यशस्वी झाला असता. पण त्याच मंत्रिमंडळातले अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारीही तमिळच होते, आणि जास्त भावाच्या धोरणाला त्यांचा कडवा विरोध होता. ते उद्योगधंद्यातून आलेले. राज्याचं खातं त्यांनी कधी चालवलं नव्हतं. तेव्हा फरक केवळ प्रांताचा नाही, प्रांतात केलेल्या कामाचा आहे. अण्णासाहेब शिंदे तर राज्यात मंत्री नव्हते, मग त्यांचं काय? हा आक्षेप अधिक वजनदार आहे. सिन्नरजवळच्या पाडळीचा हा माणूस श्रीरामपूरला वकिली करत होता, तीही सहकारी कारखानदारीच्या पट्ट्यात, जिथे ऊस उत्पादकच कारखान्याचा मालक होता. त्यांची शाळा ती होती. १९६७ मध्ये द्रमुकच्या लाटेत सुब्रह्मण्यम पडले. खात्याचे कॅबिनेट मंत्री पुढेही बदलत राहिले, पण राज्यमंत्री झालेले शिंदे जवळपास दहा वर्षं तिथेच राहिले. धोरण मधेच विस्कटलं नाही याचं बरंचसं श्रेय या सलगतेला आहे, आणि आपल्या जिल्ह्याने ते पुरेसं सांगितलेलं नाही.

खरा डाग दुसरीकडे आहे. हे धोरण पाण्याच्या प्रदेशाला फळलं. नगरच्या जिरायत भागाला हायब्रीड ज्वारी आणि संकरित बाजरी मिळाली, पण बाजरीवर गोसावी रोग पडला आणि १९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली. सुब्रह्मण्यम यांच्या बाजूने इतकं म्हणता येतं की उपाशी देशाला आधी धान्याची कोठारं भरायची होती. गव्हाला आणि भाताला हमीभाव, सरकारी खरेदीदार आणि गोदाम एकत्र मिळालं. घोडेगावचा कांदा मात्र १९६५च्या त्या चौकटीत बसला नाही. तो अजून शेतकऱ्याच्या चाळीत साठतो, आणि दिल्लीला त्याची आठवण होते ती शहरात भाव चढल्यावर.