स्वातीच्या नावाची नाव आणि अंतराळयान

परवा गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, चंद्रावर यान पाठवून आपल्याला काय मिळतं? प्रश्न रास्तच आहे. त्यावर आम्ही हवाई बेटांची गोष्ट सांगितली, तीच आज सांगतो.

हवाई बेटं पॅसिफिक महासागराच्या मधोमध आहेत. तिथल्या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी शिडाच्या नावांतून आले. पण वाट ठाऊक नसताना वाहत आले असतील, असं काही विद्वान म्हणत. मग हवाईतल्या लोकांनी जुन्या धाटणीची, दोन होड्या जोडलेली नाव बांधली. बांधणीत प्लायवूड वापरलं, पण वाट शोधायची जुन्याच रीतीने. तिचं नाव होकुलेआ, म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा म्हणजे आपली स्वाती!

अडचण अशी, की ताऱ्यांवरून वाट काढणारा हवाईत कुणी उरलाच नव्हता. दूरच्या सातावाल बेटावरचे माऊ पियाइलुग मदतीला आले. त्यांच्या बेटावरही तरुण पोरं ही विद्या शिकेनाशी झाली होती. आपल्याबरोबर ती संपेल, म्हणून परक्यांना न शिकवण्याची रीत मोडून त्यांनी ती दिली. कोणता तारा कुठे उगवतो, लाट कुठल्या बाजूने हलवते, संध्याकाळी पक्षी जमिनीकडे कुठून परततात, हे सगळं त्यांना पाठ. १९७६ साली होकायंत्र न वापरता नाव सुमारे ४,००० किलोमीटरवरच्या ताहितीला पोचली. किनाऱ्यावर हजारो माणसं लोटली होती.

सगळं सुखाने झालं नाही. १९७८ मध्ये नाव उलटली. मदत आणायला फळीवरून निघालेला एडी आयकाऊ परत आलाच नाही. तरी १९८० मध्ये नैनोआ थॉम्पसन या हवाईच्याच तरुणाने, माऊंकडून शिकून, नाव ताहितीला नेली आणि परत आणली.

आता अंतराळाकडे येऊ. लेसी वीच हे होनोलुलूत वाढलेले अंतराळवीर. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये ते कोलंबिया यानातून गेले, तेव्हा त्यांनी बरोबर काय नेलं? हवाईतलं लाकूड तासायचं दगडी हत्यार, आपल्या सुताराच्या वाकसासारखं. तेव्हाच होकुलेआ कूक बेटांकडून घरी परतत होती. यान, नाव आणि हवाईतल्या शाळा अशा तिन्ही ठिकाणांचं एकमेकांशी बोलणं झालं. आकाशातला माणूस आपल्याच गावचा, समुद्रातली नाव आपल्याच आज्या-पणज्यांची! मग अंतराळ त्या पोरांना परकं कसं वाटेल? नुसत्या फळ्यावरच्या चित्राने हे झालं नसतं, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक गंमत. स्वाती हवाईच्या डोक्यावरून जाते, तशीच नांदेड, परभणी, पैठणच्याही जवळजवळ डोक्यावरून जाते. मृगाच्या आसपास, आभाळ मोकळं असेल तर रात्री साडेनऊ-दहाला अंगणात या. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्या. नारिंगी झाक असलेला ठळक तारा दिसेल, तीच स्वाती. पोरांनाही उठवा.