उजनीच्या मागचं जंगल

दहावीच्या भूगोलातला पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आहे आणि त्यातली मुलं निघतात ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गहून. सोलापूर, पुणे करत ती घाट उतरतात आणि अलिबागला समुद्र गाठतात. वाटेत माती, पिकं, झाडं कशी बदलत जातात ते त्यांनी टिपायचं असतं. धाराशिवच्या शिक्षकांना याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. माझं त्यात एकच मागणं आहे. घाटमाथ्यावरचं जंगल बसच्या खिडकीतून दाखवू नका. मुलांना खाली उतरवा, आत चालवा. आणि त्यासाठी भीमाशंकरला न्या.

भीमाशंकरच का, तर पाण्यासाठी. धाराशिव शहराला उजनीचं पाणी येतं. उजनी धरण भीमेवर आहे आणि भीमा उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरात. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांचंही पाणी उजनीत येतं, पण त्यांचे उगमसुद्धा सह्याद्रीतच आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यातली बोरी पुढे भीमेलाच मिळते. टँकरपुढे घागरींची रांग पाहिलेल्या मुलांना आपलं पाणी कुठे पडतं, कुठे मुरतं हे डोळ्यांनी पाहता आलंच पाहिजे.

त्याआधी मात्र येडशी. तिथलं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. बावीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे बालाघाटातलं शुष्क पानझडी रान. २०२४च्या डिसेंबरात विदर्भातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ इथेच कॅमेऱ्यात दिसला, ही गोष्ट मुलांना ठाऊक असते. त्याच रानातली झाडं मात्र त्यांनी निरखून पाहिलेली नसतात. जिल्ह्यात वर्षाला पाऊस पडतो सातशे-साडेसातशे मिलिमीटर. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून झाड हवा आत घेतं, तेव्हा बाष्प बाहेर निसटतं. जमिनीतली ओल संपत आली की हा खर्च परवडत नाही. मग देठाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान गळतं. पळस नेमका अशाच उघड्यानागड्या दिवसांत फुलतो, म्हणून पक्ष्यांना तो लांबूनही दिसतो. हे एकदा समजून घेतलं की भीमाशंकरला मुलांना एक खरा प्रश्न पडतो.

तिथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ॲमेझॉनच्या वर्षावनात बहुतेक भागात बारमाही पाऊस असतो. सह्याद्रीच्या या टोकाला मात्र पुढचे सात-आठ महिने कोरडेच. तरी अंजनी, जांभूळ हिरवे कसे राहतात? त्यांची पानं जाड, चकचकीत असतात आणि एकदम न गळता थोडी थोडी गळतात. सावलीतली, पाचोळ्याखालची माती ओल धरून ठेवते. दक्षिणेला केरळात अगस्त्यमलईकडे जावं तसे कोरडे महिने कमी होतात आणि झाडं उंच होत जातात. आपल्याकडची सदाहरित झाडं त्यामानाने बुटकी आहेत. ती ज्या कोरड्या काळाला तोंड देतात तो पाहता मला ती अधिकच थोर वाटतात.

भीमाशंकरच्या जंगलात गुप्त भीमेकडे जाणाऱ्या पायवाटेवर घाई करू नये. इथे एक साधा प्रयोग करण्यासारखा आहे. बाटलीतलं थोडं पाणी मळलेल्या वाटेवर ओता, ते धूळ घेऊन उताराला लागतं. तेवढंच पाणी वाटेच्या कडेला पाचोळ्यावर ओता, ते खाली नाहीसं होतं. धरणात गाळ कुठून येतो आणि पावसाळा सरल्यावरही झरे कशाच्या जोरावर वाहतात, हे एवढ्यात कळतं. खोडावर चिकटलेलं काहीही मुलांना बांडगूळच वाटतं. तिथे थांबून फरक दाखवावा. आमरी (ऑर्किड) झाडाचा फक्त आधार घेते, बांडगूळ झाडात मूळ खुपसून पाणी ओढतं.

आणि शेकरू. हा आपला राज्यप्राणी, १९८५ साली हे अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. तो जमिनीवर क्वचित उतरतो, झाडावरून झाडावर झेप घेत जगतो. म्हणून त्याला फांद्यांना फांद्या भिडलेलं रान लागतं. रुंद रस्त्यासाठी मधली झाडं तोडली की जंगल नकाशावर शाबूत दिसतं, शेकरूसाठी मात्र त्याचे दोन तुकडे झालेले असतात. मुलांना आधी मान वर करून त्याची काटक्यांची घरटी शोधू द्यावीत.

या डोंगरातल्या महादेव कोळ्यांशी बोलल्याशिवाय मात्र परतू नये. बाळहिरडा गोळा करून वाळवणं आणि विकणं हा त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा आधार. देवराया त्यांनी राखल्या. कुठल्या झाडाला कधी हात लावायचा नाही, हे त्यांच्याकडून ऐकलेलं मुलांच्या लक्षात राहील.

प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा, म्हणजे एक मुक्काम धरावाच लागेल. शालेय सहलींना एसटी निम्मी सवलत देते. श्रावणात भीमाशंकरच्या देवळाला प्रचंड गर्दी, त्यात धुकं आणि निसरड्या वाटा, तेव्हा ते दिवस टाळावेत. दिवाळीनंतर वाटा कोरड्या असतात आणि ओढ्यांना अजून पाणी असतं. वनविभागाला आधी कळवावं, शक्यतो गावातलाच वाटाड्या घ्यावा. आणि येडशीची फेरी त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा करावी, पानं गळून पळस पेटलेला असताना.