घोरपड आणि ॲटलस पतंग: भीती किती, तथ्य किती?

पावसाळा सुरू झाला की कोकणात आणि घाटमाथ्यावर हे दोन प्राणी लोकांच्या नजरेस पडू लागतात. एक पाठीचा कणा असलेला सरपटणारा प्राणी, दुसरा कीटक. दोघेही आपापल्या गटात आकाराने मोठे, आणि दोघांविषयीचे गैरसमजही तेवढेच मोठे.

गैरसमज: रंगीत पट्ट्यांची छोटी घोरपड ही वेगळी, जहाल विषारी जात असते.
वस्तुस्थिती: ते घोरपडीचेच पिल्लू. उत्तर भारतात त्याला ‘बिसकोब्रा’ म्हणतात आणि विषारी समजून ठेचतात. घोरपडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच आईबापांच्या घडणीचे. वाढताना अंगावरचे पट्टे फिके होत जातात. दुभंगलेली जीभ दंशासाठी नसते. ती हवेतले गंधकण टिपून टाळूतल्या गंधेंद्रियापर्यंत नेते. डिवचल्यास घोरपड चावते, पण तिच्या चाव्याने माणूस दगावत नाही.

गैरसमज: दिव्याभोवतीचे लहान पतंग म्हणजे मोठ्या पतंगांची पिल्ले.
वस्तुस्थिती: पतंगांचे घोरपडीच्या नेमके उलट आहे. पंख फुटल्यावर पतंग वाढतच नाही. सगळी वाढ अळीच्या अवस्थेत होते, मग कोष आणि शेवटी पंख. लहान पतंग ही वेगळी जात असते.

गैरसमज: ॲटलस पतंग चावतो, कपडे कुरतडतो.
वस्तुस्थिती: त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. दालचिनी, पेरू, लिंबू अशा झाडांची पाने खाऊन अळीने साठवलेल्या चरबीवर तो एक-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, मादीने अंडी घालायची. पंखांच्या टोकांना नागाच्या डोक्याचा आकार असला, तरी विष कुठेच नाही. पंखांचा विस्तार २४-२५ सेंटिमीटरपर्यंत भरतो.

गैरसमज: घोरपडीला दोर बांधून माणूस कडा चढू शकतो.
वस्तुस्थिती: सिंहगडाच्या पोवाड्यातली यशवंती घोरपड आपल्या मनात घर करून आहे. मात्र आपल्याकडच्या घोरपडीचे वजन जास्तीत जास्त सात किलोच्या आसपास. नख्या बळकट असतात, कपारीत शिरून ती अंग फुगवते आणि ओढून निघत नाही, हे खरे; पण माणसाचा भार तिला पेलणारा नाही.

गैरसमज: घोरपडीचे तेल सांधेदुखीवर रामबाण, ‘हत्ताजोडी’ घरात ठेवली की पैसा येतो.
वस्तुस्थिती: तेलाचा असा गुण सिद्ध झालेला नाही. वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी हत्ताजोडी म्हणजे नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय. त्यासाठी जिवंत प्राणी मारले जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीला संरक्षण आहे. तिची शिकार केल्यास किंवा तिचे अवयव विकल्यास तुरुंगवास होतो.

घोरपड उंदीर, खेकडे, किडे आणि मेलेली जनावरे खाऊन शिवार साफ ठेवते. ती अंगणात आली तर वाट मोकळी ठेवा. घरात अडकली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. भिंतीवर ॲटलस पतंग दिसला तर बाहेरचा दिवा मालवा. त्याच्या हाती असलेल्या मोजक्या रात्री आपल्या दिव्यापायी वाया जायला नकोत.