गालाखालचा शब्द

परकी भाषा शिकायची तर घरातल्या वस्तूंपासून सुरुवात करावी, म्हणून स्पॅनिशचा श्रीगणेशा मी तसाच केला. टेबल म्हणजे 'मेसा', पलंग म्हणजे 'कामा', हे चटकन पाठ झाले. अडलो तो उशीपाशी! पुस्तकातला शब्द मी मोठ्या ऐटीत 'अल्मोहादा' असा वाचला. बाई हसून म्हणाल्या, "त्यातला 'ह' लिहायचा असतो, बोलायचा नसतो. म्हणा, अल्मोआदा."

शब्द भेटला की त्याचे कुळगोत्र विचारायचे, ही मराठी शिकवणाऱ्याची जुनी खोड. विचारले, तर हा स्पॅनिश गृहस्थ निघाला अरब! अरबीत 'खद्द' म्हणजे गाल आणि 'मिखद्दा' म्हणजे गालाखाली घ्यायची वस्तू. आरंभीचा 'अल' हे अरबी उपपद. आपली उशी 'उच्छीर्षक' या संस्कृत शब्दातून आलेली. आपण शिराची काळजी वाहिली, अरबांनी गालाची, एवढाच फरक. स्पॅनिश उशीतला कापूस, 'अल्गोदोन', तोही अरबीच.

इ. स. ७११ मध्ये मुसलमानी फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि १४९२ मध्ये ग्रानादा हे त्यांचे शेवटचे राज्य बुडाले. मागे राहिलेल्यांना पुढे ख्रिस्ती व्हावे लागले. त्यांना 'मोरिस्को' म्हणत. १५६७ साली राजा दुसरा फेलिपे याने ग्रानादाच्या मोरिस्कोंसाठी फर्मान काढले (हा शब्दही फारसीच, पण लिहिताना दुसरा सुचत नाही!): तीन वर्षांत अरबी बोलणे, लिहिणे, वाचणे बंद. १५६८ मध्ये आल्पुहारासच्या डोंगरांत बंड पेटले, ते शमायला १५७१ उजाडले. अखेर १६०९ ते १६१४ या काळात तिसऱ्या फेलिपेने सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवले.

माणसे गेली, पण उशीचे नाव तेच राहिले. ज्या राजाने अरबीवर बंदी घातली, त्याच्याही राज्यात रोज रात्री लोक अरबी शब्दावरच गाल टेकून झोपत होते. फर्मान बाजारात वाजवता येते, अंथरुणात शिरून ते शब्द उपसू शकत नाही.

आपल्याकडेही शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसीला संस्कृत पर्याय दिले. स्वभाषेचा तो अभिमान योग्यच होता. तरीही आपल्या दिवाणखान्यात चादर, तक्क्या आणि पडदा अजून सुखाने नांदत आहेत. राज्याची भाषा दरबारात ठरते; घराची भाषा आई मुलाला झोपवताना ठरवते. ती कोणाला विचारून शब्द वापरत नाही.

स्पॅनिशमध्ये एक सुरेख वाक्प्रचार आहे. मोठा निर्णय घ्यायचा असला, तर तो 'उशीशी बोलून' घ्यावा. आपण म्हणतो, "आजची रात्र जाऊ दे, उद्या सांगतो." फेलिपेनेही ते फर्मान काढण्यापूर्वी एक रात्र आपल्या अल्मोआदाशी बोलायला हवे होते. तिने त्याला निदान स्वतःचे नाव तरी सांगितले असते!