डोंबिवलीच्या नावाचा आकडा!

कागद-पेन्सिल घ्या आणि एक हा अंक ओळीने नऊ वेळा लिहा : १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१! नऊपर्यंत जिना चढायचा अन् तसाच उतरायचा. ही संख्या सतरा अंकी. एकं, दहं, शतं करत मोजत गेलात तर परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबता.

या घराण्याचं नाव मात्र चक्क आपल्या डोंबिवलीवरून पडलंय! जी.आय.पी. रेल्वेच्या जमान्यात या स्टेशनला 'डेमलो' म्हणत. अशा संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना सुचली ती तिथे, म्हणून या 'डेमलो संख्या'. (आजच्या लोकलच्या गर्दीत कुणाला गणित सुचेल का, हा प्रश्न वेगळा!)

कापरेकर मूळचे डहाणूचे. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. त्यामुळे इथल्या बऱ्याच गणितज्ञांच्या लेखी हा माणूस म्हणजे आकड्यांशी खेळणारा हौशी मास्तर. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला गाजलेला ६१७४ हा आकडा मांडला. पण जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये, अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. तोवर मास्तर सत्तरीला पोहोचले होते! १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं.

पण हा जिना तयार होतो कसा? जादू काही नाही. शाळेतल्यासारखा गुणाकार मांडला की १११११११११ च्या नऊ ओळी एकाखाली एक येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन... मधल्या घरात नऊ, मग पुन्हा उतरण. बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा वेळा एक लिहून बघा. मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि जिना मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ कुठे गेला, ते मुलांना शोधायला लावा.

आणखी एक गंमत. आपल्या सतरा अंकांची बेरीज होते ८१, म्हणजे नऊचा वर्ग. या ८१ ने मूळ संख्येला गुणलं, तर येतो ९९९९९९९९९ चा वर्ग!

हा ताळा संगणकावर करणार असाल तर जरा जपून. हिशेबाच्या तक्त्यांचं नेहमीचं सॉफ्टवेअर पंधराच अंक धरून ठेवतं. आपली संख्या तिथे टाईप केली की शेवटचे २१ गायब होतात आणि त्यांच्या जागी दोन शून्यं येऊन बसतात.