सगळ्या लाइनी व्यस्त

कुंभकोणमहून तंजावरच्या वाटेवर स्वामीमलैजवळ तिरुवलंचुळी लागतं. इथल्या श्वेतविनायकाचं दर्शन झालं की मराठी माणूस आधी घरी फोन लावतो. तो लगेच लागतो, याचं आज कुणाला काही वाटत नाही.

त्यामागच्या गणिताचा पाया घालणारे डॅनिश गणिती आग्नेर एर्लांग १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागले. कोण कधी फोन करील याचा नेम नाही, पण हजारो फोन मिळून संभाव्यतेचा नियम पाळतात, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवलं. १९१७ च्या सूत्रातून लाइनी किती आणि मागणी किती यावरून कितींना 'बिझी' ऐकावं लागेल ते काढता येऊ लागलं.

याच काळात, १९११ मध्ये, कुंभकोणमच्याच सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर वाढलेल्या गणिती रामानुजननी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रश्न घातला होता: घातांकी श्रेणी ठरावीक पदापाशी तोडली तर बेरीज किती भरते? मागणी आणि लाइनी सारख्याच असल्या, की एर्लांगच्या सूत्राच्या छेदात नेमकी हीच तोडलेली श्रेणी येते! दोघांना एकमेकांची वार्ताही नसावी. रामानुजनचं उत्तर वापरून मी वहीत आकडे मांडले. सरासरी दहा लाइनी अडकतील एवढी मागणी आणि लाइनीही दहाच, तर शंभरातले एकवीस कॉल परत जातात. दोन्ही शंभर केले, की जेमतेम आठ. लाइनींचे लहान लहान गट जोडून मोठे का करतात, ते या दोन आकड्यांत आहे.

आपल्याकडे ट्रंक कॉल म्हणजे निव्वळ रांग होती. ऑर्डिनरीच्या पुढे अर्जंट, अर्जंटच्या पुढे लाइटनिंग. १९६० मध्ये लखनौ-कानपूर एसटीडी, म्हणजे ऑपरेटरविना थेट डायल, सुरू झाली, मग ती देशभर पसरली. रांग गेली आणि 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं' आलं. तो आवाज ऐकत पुन्हा पुन्हा डायल फिरवणाऱ्यांच्या तर्जनीला विचारा.

इंटरनेटची वर्दळ मात्र एर्लांगच्या जुन्या नियमात बसत नाही, हे १९९० च्या दशकात कळलं. ती झुंडीनं येते.

माणसंही कधी झुंडीनं येतात: कुंभकोणमच्या तळ्यावरचा पुढचा महामहम स्नानसोहळा २०२८ मध्ये आहे. जो तो आपल्या मर्जीनं, वेगवेगळ्या वेळी फोन करतो, हे एर्लांगचं गृहीतक. तळ्याकाठी मात्र एकाच मुहूर्तावर स्नान उरकून सगळेच खिशात हात घालतील.